बडोद्यांतील जागा

आपण सोडून आलेल्या गांवाविषयीं कोणीं आपला सल्ला विचारला, कीं मनुष्याच्या अंगांत एक निराळेंच वारें संचारतें. एरवीं मला चार वाक्यें बोलावयास लावणें कठीण, अशी माझी घरांतली ख्याति आहे. पण समोरच्यानें "आपण मूळचे बडोद्याचे ना?" एवढें विचारण्याचा अवकाश, त्याची पुढची घटकाभर सुटका नाहीं! बडोदें सोडून मला पंचेचाळीस वर्षें होऊन गेलीं. पुण्यांत मीं घर केलें, येथलें पाणी अंगीं लागलें, दुपारच्या झोपेचें महत्त्वहि यथावकाश पटलें. तरी "आमच्या गांवीं" हे शब्द तोंडांतून निघाले म्हणजे ते बडोद्याविषयींच असतात, आणि ते ऐकून ऐकून माझ्या कुटुंबाला कंटाळा आलेला आहे.

त्यामुळें गेल्या महिन्यांत एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा ह्याच कामासाठीं माझ्याकडे आला, तेव्हां मला झालेला आनंद अगदींच निःस्वार्थी होता असें म्हणवत नाहीं. ह्या सहकाऱ्याच्या शेजारीं बसून मीं वीस वर्षें बँकेच्या खतावण्या तपासल्या. मुलगा इंजिनिअर झाला आणि बडोद्याजवळच्या एका कारखान्यांत त्याला नोकरी लागली. "काका, तुम्ही तिथले. सुटीच्या दिवशीं काय काय पाहूं, तें सांगा," असें तो म्हणाला. "सांगतों कसला, लिहूनच देतों," असें म्हणून मीं एक कोरा कागद पुढें ओढला.

राजवाडा मीं यादींत घातला नाहीं. लक्ष्मीविलास १८९० सालीं पुरा झाला, मेजर मँटनें त्याचा आराखडा केला आणि चिझमनें तो तडीस नेला, हें तेथला कोणताहि वाटाड्या सांगेल. राजवाडा पाहावयाचा असतो; त्यांत भटकतां येत नाहीं. मला सांगावयाच्या होत्या त्या जागा भटकण्याच्या.

पहिली मांडवी. जुन्या शहराला चार दरवाजे: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीदरवाजा, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडी, आणि चौघांकडून येणारे रस्ते जेथें मिळतात तेथें मधोमध मांडवीची ती कमानींची इमारत. लहानपणीं आमचा एक खेळ असे. मांडवीजवळ उभें राहून डोळे मिटावयाचे, स्वतःभोंवतीं तीन गिरक्या घ्यावयाच्या, आणि डोळे उघडल्यावर ज्या दरवाजाकडे तोंड असेल त्या रस्त्यानें चालूं लागावयाचें. ह्या पद्धतीनें मी एकदां पाणीदरवाज्याबाहेर इतका लांब गेलों, कीं घरच्यांनीं विहिरी धुंडाळण्यास आरंभ केला होता. त्या दिवशीं मिळालेला मार आतां आठवत नाहीं. पण वाटेंतल्या एका गल्लींत तांब्याच्या हंड्यावर पडणारे हातोडीचे ठोके अजून ऐकूं येतात.

मांडवीपासून थोड्याच अंतरावर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं साऱ्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें केलें. पण शाळा सुटल्यावर माणूस वाचावयाचें विसरला तर त्याचा उपयोग काय, म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेहून बोर्डन नांवाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलें. त्यानें तीन वर्षें राहून संस्थानांतल्या वाचनालयांची घडी बसविली. खेड्यापाड्यांना पेट्यांत घालून पुस्तकें जाऊं लागलीं. हें सारें इतिहासाचें. मला मात्र त्या इमारतींत ओढून नेई ती तिची जमीन. पुस्तकांचे पोलादी घोडे मजल्यावर मजला असे चढविलेले, आणि मधली जमीन जाड कांचेची, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. खालच्या मजल्यावर मान वर करून उभें राहिलें, कीं माथ्यावर कोणाचीं तरी पावलें धूसर उमटत, थबकत, पुढें सरकत. वरचा माणूस कोणत्या कपाटापाशीं रेंगाळला ह्यावरून तो कादंबऱ्या वाचणारा कीं धर्मग्रंथ, हें मी ओळखीत असें. एकदां धर्मग्रंथांकडून कादंबऱ्यांकडे लगबगीनें गेलेलीं पावलें जिना उतरून खालीं आलीं, तेव्हां तीं आमच्या संस्कृतच्या मास्तरांचीं निघालीं.

संध्याकाळसाठीं सूरसागर. ह्या दगडी कांठाच्या तलावांत आतां १११ फूट उंचीची शंकराची मूर्ति उभी आहे. आमच्या वेळीं मध्यभागीं नुसतें पाणी असे, आणि मला, देवाची क्षमा मागून सांगतों, तेंच अधिक आवडे. समोर न्यायमंदिर. १८९६ सालची ही इमारत मुळांत बाजारासाठीं उभारली आणि मग तिच्यांत न्यायालय बसलें; घासाघीस दोन्हीकडे सारखीच, त्यामुळें वास्तूला फारसा फरक जाणवला नसावा. २०१८ सालीं न्यायालयेंहि तेथून हललीं. जवळच मौलाबक्षांनीं १८८६ सालीं सुरू केलेली गायनशाळा. तलावाच्या कठड्यावर बसून मीं फुकट जितकें गाणें ऐकलें तितकें पुढें पैसे मोजून ऐकलें नाहीं. त्यांतलें बरेंचसें बेसूर होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. एका पावसाळ्यांत कोणी एक शिकाऊ मुलगा रोज त्याच एका तानेंत त्याच एका ठिकाणीं घसरत असे. तो न घसरतां पार पडला त्या संध्याकाळीं कठड्यावर बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानें माझ्याकडे पाहून मान डोलावली. म्हणजे तोहि रोज ऐकत होता तर!

मग दांडियाबाजार आणि रावपुरा, म्हणजे आम्हां महाराष्ट्रीयांचें बडोदें. गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या कारभाऱ्यांनीं आणि कारकुनांनीं येथें वाडे बांधले, गणपति बसविले, आखाडे काढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा चौमजली लांकडी वाडा अवश्य पाहा, असें मीं लिहिलें. बाहेरून तो थकलेला दिसतो; पण आंतल्या भिंती चित्रांनीं भरलेल्या आहेत. पुराणांतले प्रसंग, इंग्रज-मराठ्यांची लढाई, आणि मधेंच एखादी गोरी मड्डम! आमच्या खुणा भिंतींवर आहेत तशा जिभेवरहि आहेत. बडोद्यांत जागोजाग "सेवउसळ" मिळते. झणझणीत वाटाण्याची उसळ आणि तिच्यांत शेवेचा ढीग. खाणारे बहुतेक गुजराती. पण "उसळ" हा शब्द त्यांनीं आमच्याकडून घेतला तो परत केला नाहीं.

दांडियाबाजाराचें नांव निघालें म्हणजे आजोबांची गोष्ट मला सांगावीच लागते, आणि त्या मुलालाहि मीं ती सांगितली. आजोबा १९१२ सालीं, वीस वर्षांचे असतांना, संस्थानच्या महसूल खात्यांत नोकरी धरण्यासाठीं रत्नागिरीकडून बडोद्याला आले. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. गांवांत ओळखीचें कोणी नाहीं. टांगेवाल्यानें त्यांना दांडियाबाजारांत आणून सोडलें. एका वाड्याच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ सुपारी कातरीत बसले होते. त्यांनीं विचारलें, "आडनांव काय?" आजोबांनीं सांगितलें. "मूळ गांव कोणतें?" तेंहि सांगितलें. तिसऱ्या प्रश्नाला त्या गृहस्थांच्या आतेबहिणीचें सासर आजोबांच्या गांवापासून दोन कोसांवर निघालें. दिवेलागणीपूर्वीं आजोबांची पेटी माडीवरच्या खोलींत पोंचली होती आणि ते पंक्तीला बसले होते. त्याच वाड्यांत पुढें आमच्या तीन पिढ्या वाढल्या. नऊ बिऱ्हाडें होतीं. नवीन माणूस कोंकणांतून वा देशावरून आला, कीं त्याच्यासाठीं कोठें तरी कोपरा निघे. जागा झाली नाहीं असें एकहि वर्ष आजोबांच्या आठवणींत नव्हतें. गोष्टीच्या शेवटीं ते नेहमीं म्हणत, "बडोद्यानें कुणाला परत पाठवलं नाहीं."

मुलगा मन लावून ऐकत होता. मी कमाटीबागेवर आलों.

ह्या बागेसाठीं मीं शेवटची जागा राखून ठेवली होती, कारण माझें बाळपण खरोखरी तेथेंच गेलें. विश्वामित्री नदीच्या कांठीं शंभरांहून अधिक एकरांत सयाजीरावांनीं १८७९ सालीं ती वसविली. दारापाशीं महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या चौकाला सारें गांव काळा घोडा म्हणतें, जणूं वर बसलेल्या स्वाराचा कांहीं संबंधच नाहीं. आंत १८९४ सालचें संग्रहालय. त्यांत १९४४ सालीं महीच्या मुखाशीं वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. त्याच्या फासळ्यांखालीं उभा राहून मी योना कीं कोण त्या देवमाशाच्या पोटांत राहिलेल्या माणसाची कल्पना करीत असें. पुलावरून वांकून पाहिलें तर चिखलांत ओंडके दिसत, आणि त्यांतला एखादा ओंडका जबडा उघडी. विश्वामित्रींतल्या मगरी अजूनहि आहेत. २०२४ सालच्या ऑगस्टांत नदी शहरांत शिरली तेव्हां त्यांतल्या कांहीं लोकांच्या अंगणांपर्यंत येऊन गेल्या. पण मला सर्वांत प्रिय होते ते बागेंतले वड. उन्हाळ्याच्या सुटींत पुस्तक घेऊन मी सकाळींच तेथें जाईं, आणि ऊन सरकेल तसा पारंबीमागून पारंबी सरकत संध्याकाळ करीं. कोणत्या वडाखालीं किती वाजतां सांवली असते, हें मला पाठ होतें. तेंहि मीं यादींत लिहिलें. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

मुलानें यादी सावकाश वाचली. मग म्हणाला, "काका, कमाटीबागेंतली एक जागा यांत नाहीं. मी आधीं तीच बघणार आहे."

मी त्याच्याकडे पाहत राहिलों. तो काय म्हणतो आहे तें मला तत्काळ कळलें होतें. आणि तें मला ठाऊक असूनहि मीं लिहिलें नव्हतें, हेंहि त्याच क्षणीं कळलें.

मुलाचें आडनांव मी येथें देत नाहीं. तें ऐकल्यावर महाराष्ट्रांत पुढचे दोन प्रश्न विचारण्याची गरज उरत नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

बडोदें संस्थाननें १९१३ सालीं ज्या तरुणाला शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेला पाठविलें, तो १९१७ सालीं शिकून परत आला आणि कराराप्रमाणें संस्थानच्या नोकरींत रुजूं व्हावयास बडोद्याला उतरला. भीमराव आंबेडकरांना त्या शहरांत राहावयास जागा मिळाली नाहीं. हिंदूंच्या खाणावळी त्यांना बंद होत्या. शेवटीं पारशांच्या एका उतारशाळेंत त्यांनीं पारशी नांवानें वास्तव्य केलें. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाकी सारें अडगळीनें भरलेलें दालन, आणि रात्रीं एक कंदील. अकराव्या दिवशीं दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळच्या आंत खोली सोडण्याचें बजावून गेले. बडोद्यांत बाबासाहेबांचे दोन मित्र होते. पहिला हिंदु. त्याला मनापासून दुःख झालें. पण तुम्ही माझ्याकडे आलांत तर नोकर निघून जातील, असें तो म्हणाला. दुसरा ब्राह्मण घराण्यांतून ख्रिस्ती झालेला. त्यानें सांगितलें, पत्नी उद्यां येते आहे, तिला विचारावें लागेल. चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्रीं नऊला होती. मधले पांच तास बाबासाहेब कमाटीबागेंत बसून राहिले, आणि पोरक्या मुलाला आठवावे तसे त्यांना आपले आईबाप आठवत राहिले.

ही हकीगत चरित्रांतून पूर्वींच आलेली होती. आमच्या घरांत तसलें पुस्तक नव्हतें. मीं ती वाचली ती बडोदें सोडल्यावर पंधरा वर्षांनीं. १९९३ सालीं महाराष्ट्र शासनानें बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा बारावा खंड काढला, त्यांत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नांवाचें त्यांचें आठवणींचें टिपण आहे. वाचतांना पहिल्यानें माझ्या मनांत काय आलें असेल, तर बागेंतले वड. ते कोणत्या बाजूला बसले असतील? चार ते नऊ म्हणजे आधीं ऊन, मग सांवली, मग अंधार. त्यानंतर आजोबांची गोष्ट आठवली. १९१७ सालीं आजोबा त्या वाड्यांत राहून पांच वर्षें झालीं होतीं. दांडियाबाजारांतून कमाटीबागेला पायीं फार वेळ लागत नाहीं. आजोबा रोज संध्याकाळीं तिकडे फिरावयास जात आणि त्या नियमांत त्यांनीं साऱ्या आयुष्यांत खंड पडूं दिला नाहीं, हें आमच्या घरीं कौतुकानें सांगितलें जाई.

आजोबा दुष्ट नव्हते. वारलेल्या शेजाऱ्याच्या चार मुलांना त्यांनीं स्वतःच्या पगारांतून शिकविलें. "बडोद्यानें कुणाला परत पाठवलं नाहीं" असें म्हणतांना ते खोटेंहि बोलत नव्हते; "कुणाला" ह्या शब्दांत त्यांच्या लेखीं कोण कोण येत होतें, एवढाच प्रश्न आहे. ओसरीवरच्या त्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर निराळें असतें तर दुसरा प्रश्न विचारला गेला असता काय, हें मीं त्यांना कधीं विचारलें नाहीं, आणि मीं तें टिपण वाचलें तेव्हां ते वारून वीस वर्षें झालीं होतीं.

बागेंतल्या त्या जागेला आतां संकल्पभूमि म्हणतात. दर वर्षीं २३ सप्टेंबरला तेथें लोक जमतात. मुलाचे वडील एकदां जाऊन आले होते. वीस वर्षें माझ्या शेजारीं बसून माझ्या तोंडून त्या बागेचीं वर्णनें ऐकणाऱ्या माझ्या सहकाऱ्यानें हें मला कधींच सांगितलें नव्हतें.

मीं कागद परत मागून घेतला आणि अगदीं वरच्या समासांत, मांडवीच्याहि आधीं, ती जागा लिहिली. अक्षर बारीक काढावें लागलें. मुलगा हंसला. मग थोडा घुटमळला, आणि ज्याच्यासाठीं तो खरोखर आला होता तें आतां बाहेर आलें. "काका, तिथं राहायला खोली मिळेल का कुठं? मीं चारपांच ठिकाणीं फोन केले. आधीं हो म्हणतात, मग पूर्ण नांव विचारतात."

आमचा वाडा आतां नाहीं. त्या जागीं पांच मजल्यांची इमारत उभी आहे आणि तिच्यांत माझ्या चुलतभावाचे चार खोल्यांचे घर आहे. त्याचा मुलगा कॅनडाला गेल्यापासून मागची खोली रिकामीच असते. गेल्या दिवाळींत त्यानेंच मला सांगून ठेवलें होतें, कोणी चांगला मुलगा असला तर पाठव, घरांत जाग राहील. मीं मुलाच्या समोरच फोन लावला. मुलगा इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे, वडिलांना मी वीस वर्षें ओळखतों, असें सारें सांगितलें. भाऊ आनंदला. भाड्याचें आपण मागाहून पाहूं, असेंहि म्हणाला. मग त्यानें विचारलें, "आडनांव काय?"

मीं सांगितलें.

फोनमधून थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. दांडियाबाजाराचा तो आवाज मी कोठेंहि ओळखीन. मग भाऊ म्हणाला, "घरांत विचारून कळवतों."

ह्याला आज नऊ दिवस झाले. मधें दोनदां मीं फोन केला; एकदां वहिनी देवळांत गेल्या होत्या आणि एकदां भाऊ. मुलगा म्हणतो, "असूं द्या काका, कारखान्याच्या लोकांनीं आठ दिवसांची सोय केली आहे, तोंवर सांपडेल कांहीं तरी." परवां रात्रीच्या गाडीनें तो निघतो. मीं त्याच गाडीचें माझें तिकीट काढलें आहे. ह्या वयांत हा काय उपद्व्याप, असें घरांत विचारून झालें. उतरल्यावर आधीं कमाटीबागेंत जावयाचें आणि मग दांडियाबाजारांत, असें मुलानें ठरविलें आहे.